त्र्याण्णव मोटारी आणि एक माणूस

दिवाळी आली की आमच्या आळीतली मुले आठ आठ दिवस खपून मातीचा किल्ला उभा करतात. दगडविटा गोळा करायच्या, त्यांवर जुनी पोती टाकायची, चिखल लिंपायचा, मोहरी पेरायची, बुरुजावर मावळे ठेवायचे. शाळेतल्या अभ्यासाला जेवढी एकाग्रता त्यांनी कधी दिली नाही तेवढी सारी या किल्ल्याला! आणि भाऊबीज उलटली की त्याच किल्ल्याच्या पोटात सुतळी बॉम्ब ठेवून तो उडवून द्यायचा. लहानपणी मीही हेच केले. किल्ला बांधताना आनंद होई हे खरे; पण खोटे कशाला बोलू? कान झाकून भिंतीआड उभे राहिल्यावर तो चिखल आणि मावळे आकाशात उडताना पाहून जो होई, तो आनंद काही निराळाच.

हे आठवायला कारण घडले ते आमच्या शाळेतील पालकांच्या सभेचे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला मोटारसायकलवरून बाह्यवळणाच्या रस्त्यावर अपघात झाला आणि तो गेला. एकोणीस वर्षांचा होता. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. सभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "गुरुजी, हे सगळं त्या मोटारी पळवण्याच्या सिनेमांमुळं होतंय. तुम्ही पुस्तकं लिहिता. याविरुद्ध का लिहीत नाही?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. मुख्य अडचण अशी, की असले सिनेमे मला आवडतात. ती गोष्ट त्या सभेत, त्या मुलाच्या वडिलांसमोर कबूल करण्याचा धीर मला झाला नाही. म्हणून गणपतीच्या सुट्टीत पुतण्याला हाताशी धरून मी हे चित्रपट पुन्हा एकदा, या वेळी जरा मास्तरच्या डोळ्यांनी, पाहिले. आमची आईही पोह्यातले खडे निवडीत शेजारी बसे. जे वाटले ते येथे लिहितो. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस आहे. तेव्हा पंडितांचे सिद्धान्त वाचकांनी माझ्याकडून अपेक्षू नयेत.

या जातीच्या चित्रपटांचे कुळ शोधू गेले तर १९६८ सालच्या 'बुलिट'पर्यंत जावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी मस्टँग आणि गुंडांची काळी चार्जर यांचा सुमारे दहा मिनिटांचा पाठलाग त्यात आहे, आणि त्याने पुढच्या सगळ्यांना वेड लावले. पण तो मोठ्या कंपनीचा, पैसेवाल्यांचा चित्रपट. (त्यातही एक हिरवी फोक्सवॅगन पुन्हापुन्हा मागे टाकली जाते आणि चार्जरच्या चाकांची चारांहून अधिक झाकणे निखळून पडतात, हे माझ्या पुतण्याने बोटे मोजून दाखवले. श्रीमंतांच्या घरीही हिशेब चुकतात म्हणायचे!) माझा विषय आहे तो त्यानंतर आलेल्या गरीब भावंडांचा. ज्यांच्यापाशी नामांकित नट नव्हते, लेखक ठेवायला पैसा नव्हता, पण जुनीपानी वाहने होती आणि ती मोडण्याची हौस होती, असे हे चित्रपट.

त्या सर्वांत मला थोर वाटतो तो १९७४ सालचा 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'. 'थोर' हा शब्द वाचून काही रसिक नाक मुरडतील, मुरडोत. एच. बी. हॅलिकी या गृहस्थाने तो लिहिला, दिग्दर्शित केला, त्यासाठी पैसा उभा केला, त्यात नायकाचे काम केले आणि मोटारही स्वतःच हाकली. न्यूयॉर्क राज्यातील डंकर्क गावी १९४० साली जन्मलेला, १३ भावंडांतला हा एक. घरचा धंदा बंद पडलेली वाहने ओढून नेण्याचा. पुढे कॅलिफोर्नियात येऊन त्याने मोडक्या मोटारींचाच व्यवसाय केला. म्हणजे एखाद्या सुताराने नाटक लिहावे आणि त्यातले सारे प्रसंग लाकडाच्या वखारीत घडवावेत, तसा हा प्रकार. १९७१ साली पोलिसांनी निकालात काढलेल्या गाड्या त्याने लिलावात सुमारे २०० डॉलरला एक अशा घेऊन ठेवल्या, आणि त्या कशा मोडायच्या याचा विचार करीत बसला. चित्रपटाला खर्च सुमारे दीड लाख डॉलर आला म्हणतात, आणि उत्पन्न चार कोटींच्या घरात गेले असे सांगतात.

कथा म्हणाल तर एवढीशी. मोटारींच्या विम्याची चौकशी करणारा एक सभ्य गृहस्थ आतून मोटारचोर असतो. दक्षिण अमेरिकेतल्या एका बड्या गिऱ्हाइकाची त्याला मागणी येते की थोड्या दिवसांत ठरावीक ४८ मोटारी पोचत्या कर. प्रत्येक मोटारीला एका स्त्रीचे नाव दिलेले. त्यांतली पिवळी मस्टँग ती एलेनॉर. विमा नसलेली मोटार चोरायची नाही, कारण त्यात गरिबाचे नुकसान, असा या चोराचा बाणा आहे. चित्रपटाचा पहिला अर्धा भाग मी वाचकांना बळेच पाहायला लावणार नाही. माणसे दाराशी उभी राहून एकमेकांना निरोप सांगतात तशी बोलतात. संवाद पुष्कळसे ऐन वेळी जुळवलेले आहेत आणि ते तसे कळतात. नटांत मित्र आणि नातेवाईक यांचाच भरणा. आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकात तालमीला न आलेला नट जसा भिंतीकडे पाहून वाक्य उरकतो, तेच इथे. एखाद्या स्त्रीपात्राला मन म्हणून काही असावे याची दिग्दर्शकाला आठवणही झालेली नाही. मन असलेली स्त्री एकच, ती एलेनॉर. आणि तिला चार चाके आहेत.

पण एकदा का तिची चोरी पोलिसांच्या लक्षात आली, की मग सुमारे ४० मिनिटे पाठलाग चालतो, आणि चित्रपट हा शब्द विसरायला होते. लाँग बीचपासून कार्सनपर्यंत गावेच्या गावे तिच्या मागे लागतात. एकूण ९३ मोटारी यात मोडल्या. एकीवर एक, आडव्या, उलट्या, गाड्यांच्या विक्रीच्या दुकानात शिरून उभ्या मोटारींच्या रांगेला धक्के देत. हे मोडणे देखणे नाही. पत्रा चुरगळतो तो कागदासारखा नाही, तर पत्र्यासारखाच. चाक निखळते ते गंमत म्हणून नव्हे. ते घरंगळत कुठेतरी जाते आणि कॅमेरा त्याच्याकडे बघतही नाही. रस्त्याच्या कडेला उभी माणसे पाहतात, त्यांतली पुष्कळशी पैसे देऊन आणलेली नव्हेत. ती खरोखरच वाटेने चाललेली होती. शूटिंगच्या दिवसांत एक आगगाडी रुळांवरून घसरली, तर हॅलिकीने धावत जाऊन तीही चित्रपटात घेतली. कार्सनचे त्या वेळचे खरे महापौर चित्रपटात महापौर म्हणूनच येतात. गरिबीचा असा एक गुण असतो: जे समोर असेल ते वापरावे लागते, आणि समोर असते ते बहुधा खरे असते.

एका प्रसंगी एलेनॉर महामार्गावरून उतरताना दुसऱ्या गाडीचा धक्का लागून भिरभिरत जाते आणि विजेच्या खांबावर आदळते. हे कुणी ठरवलेले नव्हते. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास होता. हॅलिकी बेशुद्ध झाला. आणि शुद्धीवर आल्यावर त्याने पहिली चौकशी केली ती चित्रण नीट झाले की नाही याची. ते झाले होते, आणि ते चित्रपटात आहे. शेवटी अडवलेल्या रस्त्यावरून एलेनॉर उडी घेते: ३० फूट उंच, १२८ फूट लांब. ती उडी संथ गतीने दाखवली आहे. गाडी नाकावर खाली येते, आणि आत बसलेल्या माणसाचे डोके कसे हलते ते दिसते. त्या उडीत त्याचे पाठीचे मणके दबले, आणि तो पुढे पूर्वीसारखा चालू शकला नाही असे त्याच्या छायालेखकाने सांगून ठेवले आहे.

आमच्या आईने पोह्यांचे सूप खाली ठेवले आणि विचारले, "अरे, आतला माणूस?"

हा प्रश्न तिने त्या रात्री पाच-सहा वेळा विचारला, आणि मला वाटते, या चित्रपटांची परीक्षा करण्याचे माप मला तिथे सापडले. उडी किती लांब, गाड्या किती मोडल्या, हे मोजमाप पोरांचे. पाहणाऱ्याच्या मनात आतल्या माणसाचा प्रश्न उठतो की नाही, हे खरे. दुसऱ्या दिवशी आम्ही याच नावाचा २००० सालचा नवा चित्रपट पाहिला. निकोलस केज नायक, खर्च पूर्वीच्या कित्येकशे पट, रंग सुरेख, गाडी राखाडी आणि रुबाबदार. त्यातही शेवटी पुलावरून एक मोठी उडी आहे. तीत संगणकाचा हात आहे आणि तो लपत नाही. आईने पोहे निवडता निवडता वर पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले. काहीच विचारले नाही.

इथे या धंद्यातली कारागिरी थोडी सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल की सगळेच वेड्यासारखे मरायला निघाले होते. मोटार आपोआप कोलांटी खात नाही. एखाद्या उभ्या गाडीआड उतरती फळी किंवा तिरका नळ लपवलेला असतो. त्यावर एका बाजूची चाके चढली की गाडी पालथी होते. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवतात, म्हणजे टप दबले तरी चालकाचे डोके दबत नाही. एलेनॉरचे दोन नमुने होते, एक दिसायचा आणि एक झुंजायचा. झुंजायच्या गाडीची हाडे आतून कैक दिवस खपून मजबूत केलेली होती. १९७४ च्याच 'मॅक्क्यू'मध्ये हाल नीडहॅम या साहसवीराने एक नवी युक्ती काढली. गाडीच्या बुडाला तोफेसारखी नळी बसवायची, तीत टेलिफोनच्या खांबाचा एक तुकडा घालायचा, मागे दारू ठासायची, आणि भर वेगात बार उडवायचा. खांब जमिनीवर आपटतो आणि गाडी हवेत गिरक्या खाते. पहिल्या चाचणीत दारू जास्त झाली आणि नीडहॅमच्या पाठीचे हाड मोडले. म्हणजे शास्त्र होते, पण ते शिकण्याची फी अशी होती. आणि वेग? कॅमेरा जरा सावकाश फिरवला की पडद्यावर गाडी दुप्पट धावते. ही लबाडी मूकपटांच्या काळापासून चालत आली आहे, आणि मी तिला क्षमा करतो.

आपल्याकडे या धैर्याची परंपरा नाही असे नाही. वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' १९३५ साली आला, आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थ गावी जन्मलेली नादिया आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या करू लागली. परळच्या त्याच जागेत पुढे शांतारामबापूंचे राजकमल उभे राहिले; तेव्हा स्टंटपटांना नाके मुरडणाऱ्यांनी निदान त्या जमिनीचा तरी मान ठेवावा. माझ्या वडिलांनी तंबूत बसून नादिया पाहिली होती, आणि 'ती खरंच उडी मारायची रे' हे वाक्य ते ज्या आदराने उच्चारीत, तो आदर त्यांनी नंतरच्या एकाही नटीला दिला नाही.

रॉजर कॉर्मनच्या कारखान्याबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. हा निर्माता कमी पैशांत चित्रपट काढण्यात इतका निष्णात, की १९७७ साली २३ वर्षांच्या रॉन हॉवर्डला त्याने 'ग्रँड थेफ्ट ऑटो' दिग्दर्शित करायला दिला तो आधी त्याच्याकडून दुसऱ्या मोटारपटात काम करून घेऊन. पळून चाललेले प्रेमी जोडपे, बापाची रोल्स रॉइस, मागे अर्धे जग. शेवटी त्या रोल्सचा चुराडा. फराळातल्या चकलीसारखा आहे: खुसखुशीत, आणि खाल्ल्यावर आठवत नाही.

'ड्युएल'ची गोष्ट निराळी. स्टीव्हन स्पीलबर्गने १९७१ साली दूरचित्रवाणीसाठी, अवघ्या दोन आठवड्यांच्या आत चित्रित केलेला हा चित्रपट. एक साधा नोकरदार माणूस आपल्या छोट्या गाडीतून चालला आहे आणि एक मळकट ट्रक त्याच्या मागे लागतो. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. ट्रकवाल्याचे तोंडही दिसत नाही. इथे गाड्यांचा ढीग पडत नाही. मोडायला ट्रक एकच होता, तेव्हा कड्यावरून तो लोटण्याचा प्रसंग एकदाच, अनेक कॅमेरे लावून घ्यावा लागला. माझ्या मते या साऱ्या कुळातला तो सर्वांत शहाणा चित्रपट आहे. पण शहाण्या मुलावर मास्तरचे जेवढे प्रेम असते तेवढेच माझे त्याच्यावर आहे. जास्त नाही.

ज्याने मला खरोखर अडवले तो ऑस्ट्रेलियाचा 'मॅड मॅक्स'. चित्रण १९७७ चे, पडद्यावर आला १९७९ साली. जॉर्ज मिलर हा दिग्दर्शक पेशाने डॉक्टर. सिडनीच्या इस्पितळात अपघाती रुग्णांच्या विभागात काम केलेला. चित्रपटासाठी पैसे जमवताना तो आणि त्याचा मित्र बायरन केनेडी रात्रीबेरात्री रुग्णांच्या हाकेला जात. केनेडी गाडी हाकी, मिलर औषध देई. खर्च सारा मिळून चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास. सुरुवातीच्या पाठलागात एका निळ्या व्हॅनचा चुराडा होतो, ती मिलरची स्वतःची. चित्रणाच्या पहिल्याच दिवसांत साहसदृश्यांचा प्रमुख ग्रँट पेज मोटारसायकलवरून पडून पाय मोडून घेतो. तरी काम थांबत नाही.

आता यात फरक पाहा. हॅलिकीच्या चित्रपटात माणसे मरतच नाहीत. ९३ गाड्या मोडतात आणि जखमी माणसे झटकून उठतात. मिलरला हे करता येईना. त्याने रात्रपाळीत त्या माणसांना टाके घातले होते. त्याच्या चित्रपटात नायकाच्या बायकोला आणि तान्ह्या मुलाला गुंड मोटारसायकलींखाली चिरडतात, तेव्हा तो आपल्याला धडक दाखवीत नाही. गाड्या पुढे निघून जातात आणि रस्त्यावर एक लहानसा बूट येऊन पडतो. दोन तास पत्रे चुरगळताना टाळ्या पिटणाऱ्या माझ्या पुतण्याचे हात तिथे थांबले. ज्याला सगळे दाखवता येते, त्याला काय दाखवायचे नाही हे कळणे, यालाच मी कारागिरी म्हणतो. आणि ती या गृहस्थाला इस्पितळाने शिकवली, सिनेमाने नव्हे. सूडाचा पुढचा भाग मला तितकासा पटत नाही. नायक गुंडांपेक्षा वेगळा उरत नाही, आणि दिग्दर्शकाला ते ठाऊक असूनही तो त्याच्या काळ्या गाडीवर लुब्ध आहे. पण तो बूट मी विसरलो नाही.

मग सभेतल्या त्या गृहस्थांना काय सांगायचे? तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या कुंपणाला लागून अपघातातली वाहने पडलेली असतात. माझी शाळेची वाट तिथूनच आहे. गंजलेल्या मोटारसायकली, टप दबलेली एक व्हॅन, तिच्यातून उगवलेली एरंडाची झाडे. त्यांत त्या मुलाचीही आहे. मुले तिथून जाताना मान वळवून बघतात, आणि मी सिनेमा पाहताना बघतो त्याच नजरेने बघतात, हे मला नाकारता येत नाही. हॅलिकीवर माझा आक्षेप आहे तोही इथेच. स्वतःचे मणके त्याने पणाला लावले, तो त्याचा हक्क. पण रस्त्याने चाललेल्या बाया, सायकलीवरची पोरे, यांनी कुठे होकार दिला होता? त्याचा तो खरेपणा मला आवडतो, आणि त्या खरेपणाची अर्धी किंमत दुसऱ्यांच्या जिवावर मांडलेली होती. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, आणि त्यांची वजाबाकी मला करता येत नाही. मात्र मोडक्या मोटारीच्या आत माणूस आहे याची जो चित्रपट आठवण देतो त्याने मुले बिघडतात, असे मी म्हणणार नाही. ज्या चित्रपटात गाडी पन्नास फूट कोसळते आणि नायक केस सावरीत बाहेर येतो, तो दाखवताना मात्र मी पुतण्याच्या शेजारी बसणे पसंत करीन.

हॅलिकीने पुढे १९८२ साली 'द जंकमन' काढला आणि त्यात दीडशेवर वाहने मोडली. नंतर जुन्या चित्रपटातलेच तुकडे जोडून आणखी एक काढला. तो न पाहिलेला बरा. १९८९ साली त्याने एलेनॉरच्या चित्रपटाचा दुसरा भाग सुरू केला. ऑगस्टच्या २० तारखेला न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराच्या परिसरात पाण्याचा एक उंच मनोरा पाडण्याच्या दृश्याची तयारी चालली होती. मनोऱ्याला बांधलेली तार अवचित तुटली, तिने टेलिफोनचा खांब छाटला, आणि तो खांब त्याच्या अंगावर पडला. त्या वेळी तो मोटारीत नव्हता. जमिनीवर उभा होता. वय ४८. त्याच वर्षी मे महिन्यात त्याचे लग्न झाले होते. चित्रपट अपुरा राहिला.

हे मी आईला सांगितले, कारण तिने विचारले होते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मेमध्ये लग्न, म्हणजे तीनच महिने रे."

"हो," मी म्हणालो.

पुतण्याला ती उडी पुन्हा बघायची होती. मी नको म्हणणार होतो, तेवढ्यात आईनेच चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "लाव रे. या खेपेला मी त्याच्याकडे बघते, गाडीकडे नाही." मग आम्ही तिघांनी ती पुन्हा पाहिली.